मानस

मंडूरला मानस म्हणजे मन नव्हे.
खाजनाच्या बांधात बसवलेलं लाकडी दार.
भरती चढली की नदीच त्याला ढकलून लावते,
ओहोटीला आतलं पाणी ते उघडून निघून जातं.
राखणदार कायतान फक्त ऐकतो.
दार नीट लागलं तर भरीव थाड,
फटीत कुर्ली अडकली तर अर्धवट, ओला आवाज.
मग तो कंदील घेऊन उतरतो, शिव्या देतो,
कुर्लीला की नदीला, ते आजवर कळलेलं नाही.

मीही बांबोळीला दिवसभर ऐकतेच.
उंदराची पियूषिका, कोरगुटाच्या दाण्याएवढी.
(सकाळी तो उंदीर मीच मारलेला असतो, हेही लिहायला हवं.)
तिच्यातली एकच पेशी
काचेच्या नळीच्या केसाहून बारीक टोकाला लावायची,
तोंडाने हलकी ओढ द्यायची,
शहाळ्यातला शेवटचा घोट ओढावा तशी,
आणि थांबायचं.
स्पीकरमधून: टक्. टक् टक्.

ही दुधाचा निरोप धाडणारी पेशी.
बाकीच्यांना कुणी हाक मारावी लागते,
ही न विचारता बोलते.
कॅल्शियम आत, टक्, कणभर प्रोलॅक्टिन बाहेर.
हिला फक्त गप्प करावं लागतं.

त्यासाठी मेंदूच्या तळातून डोपामिन झिरपत येतं.
आत शिरत नाही, बाहेरच्या कडीला हात लावतं.
आत कुणी कुणाला कोपर मारतं
आणि पोटॅशियमचं दार उघडतं.
उघडतं, हो.
एक दार उघडलं म्हणून दुसरं बंद राहतं,
हे समजायला मला दोन वर्षं लागली.
पोटॅशियम ओघळून जातं, पेशी आतून उणी होत जाते,
आणि कॅल्शियमचं दार, जे दाबावरच हलतं,
हलत नाही.
स्पीकर गप्प.

सुकांती माझी थोरली बहीण. लग्नाला सहा वर्षं.
चवथीच्या नेवऱ्या वळताना तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग.
नारळाचा रस सांडला, म्हणाली.
पाळी चुकली तेव्हा सासूने माळ्यावरचा पाळणा उतरवून धुतला होता,
तो अंगणात नुसताच वाळला.
मग फोटो काढला डोक्याचा:
नऊ मिलिमीटरची गाठ, निरुपद्रवी.
बसमध्ये आगशीपर्यंत ती तो एकच शब्द
ओठांत घोळवत राहिली.

बांधावर बसून मी तिला सांगितलं,
तुझ्या काही पेशी नकार ऐकेनाशा झाल्यात.
"म्हणजे मानशीचं दार मोडलंय?"
दार आहे गं. पेशी वाढल्या, धक्का पुरत नाही.
म्हणून ही गोळी. डोपामिनचं सोंग घेते.
अर्धी सोमवारी, अर्धी गुरुवारी.
तिने ती तळहातावर घेऊन पाहिली.
"एवढीशी ही नाही म्हणणार?
मला इतकी माणसं नाही म्हणाली,
थांबलं का काही?"

माझ्याकडे आलेख होते. उत्तर नव्हतं.

आज प्रयोगाच्या शेवटी डोपामिन धुऊन टाकलं,
नेहमीसारखं, खारं पाणी सोडून.
आठ मिनिटं काहीच नाही.
नवव्याला: टक्.
एरवी मी वहीत लिहिते, "पेशी सुरू", वेळ टाकते, घरी येते.
आज तिला म्हणावंसं वाटलं, अगं, थोडी थांब.

रात्र. गुरुवार.
ओट्यावर बशीत अर्धी गोळी,
उरलेली अर्धी कागदात परत गुंडाळून.
सुकांती पाण्याचा पेला धरून बसलीय,
मळमळ होते म्हणून उशीर करतेय.
खाली अंधारात कायतानचा कंदील मानशीपाशी स्थिर.
पाणी चढतंय, खारफुटीच्या मुळांत बुडबुडे फुटतायत.
आम्ही दोघी बोलत नाही.
दार अजून लागलेलं नाही.